तांदळातलं नाव

चाकण, ४ नोव्हेंबर २०२५

चि. वर्षालीस,

आजीचे आशीर्वाद. नावाआधी 'सौ.' घालू नको असं मी सुमनला बजावलंय, नाहीतर पहिल्याच ओळीला तू कागद चुरगाळशील. आपल्या खालच्या मजल्यावरची सुमन तुला माहीतच आहे. बालवाडीतून रिटायर झाली तरी तिची शिकवायची खोड गेलेली नाही. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते. तिच्या पेनातून बाहेर पडले की मी पुण्याची होते.

तू फोन उचलत नाहीस. माझा नाही, तुझ्या बापाचा नाही, सासू-सासऱ्यांचा तर नाहीच. सुजितचा तेवढा उचलतेस आणि त्यालाही नुसतं 'हं, हं' करतेस, असं तो बिचारा सांगत होता. सुमन म्हणाली, मोबाइलवर आवाज भरून पाठवा. मी म्हटलं, नको. आवाज एका बोटानं बंद होतो. कागदाचं तसं नसतं. अर्धा वाचून फेकला तरी उरलेला अर्धा कोपऱ्यातून बघत राहतो.

तर वाकडचं घर सोडून तू ताथवड्याला मैत्रिणीच्या खोलीवर गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. कशापायी, तर एका कागदापायी. कंपनी तुला दोन वर्षं जर्मनीला धाडतेय. सुजितला सोबत न्यायचं तर लग्नाचा दाखला लागतो. दाखला काढून बघितला, तर त्यात नवरीचं नाव स्वरूपा. पासपोर्टात वर्षाली, डिग्रीत वर्षाली, कंपनीच्या गळ्यातल्या पट्ट्यावर वर्षाली, आणि लग्न झालंय कुणा स्वरूपाचं! वकिलातीतली तारीख अठ्ठावीसची. तोवर दाखला दुरुस्त झाला नाही तर तू एकटी जाणार. सुजित म्हणाला, "आजी, ती या रागात एकटी गेली ना, तर परत माझ्या घरी यायची नाही." हे बोलताना तो छताकडं बघत होता. पुरुष छताकडं बघायला लागला की समजायचं, पाणी डोळ्यापर्यंत आलंय.

तुझा राग मला कळतो गं. नाव बदलणार नाही हे तू लग्नाआधीच सांगितलं होतंस आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तळेगावच्या हॉलमध्ये तांदळाचं ताट पुढं आलं, तेव्हा सुजितनं अंगठीनं सरळ तुझंच नाव लिहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग फॉर्मात ही स्वरूपा आली कुठून? तू म्हणतेस, सासूनं गुपचूप घातली. प्रभावतीला ते नाव आवडायचं, हे खरं आहे. आता मी काय सांगू? फॉर्म तुझे सासरे मारुतराव भरत होते. मी साक्षीदार म्हणून अंगठा लावला. कागदावर काय होतं ते मला काय दिसणार? काळ्या मुंग्यांची रांग नुसती.

पण एक विचारते, चिडू नको. मला वाचता येत नाही म्हणून मी न वाचता अंगठा लावला. तू तर इंजिनिअर. कंपनीत पार्टवरचा केसाएवढा चरा तुला दिसतो म्हणे. आणि स्वतःच्या लग्नाच्या फॉर्मवर न वाचता सही ठोकून तू शिफ्टला पळालीस!

हसलीस का? नाही? बरं. घरी जा, पोरी.

तुझी आजी,
सोजराबाई (अंगठा)


चाकण, ८ नोव्हेंबर

चि. वर्षालीस,

तुझं उत्तर सुमनच्या मोबाइलवर आलं. एकच ओळ. 'आजी तिथं बसली होती, म्हणून मी वाचलं नाही.'

मी सुमनकडून ती दोनदा वाचून घेतली. तिसऱ्यांदा ती आपणहून वाचायला लागली, तेव्हा तिला गप्प केलं.

या ओळीला उत्तर द्यायचं आहे, पण त्याच्या आधी दुसरं एक सांगते. हे मी तुझ्या बापालाही सांगितलेलं नाही. सुमनही पहिल्यांदाच ऐकतेय, म्हणून बघ, पेन कसं ताठ धरलंय.

मी सोजरा नव्हे. म्हणजे आहे, पण जन्माची नव्हे. माझ्या आधी आईची तीन लेकरं गेली. मी झाले तेव्हा सुइणीनं मला उचलून स्वतःच्या पदरात घेतलं आणि आईला म्हणाली, ही आता माझी. मग आईनं तिला मूठभर कोंडा दिला आणि मला विकत घेतलं. कोंड्याच्या भावात मिळालेली पोर कोण कशाला न्यायला येईल? म्हणून माझं नाव कोंडा. ऐकायला ओबडधोबड नाव. पण माझ्या आईच्या मनातली सगळी भीती त्या नावात बांधून ठेवली होती, आणि मी जगले.

चौदाव्या वर्षी लग्न झालं. तांदळाचं ताट आलं. तुझे आजोबा, ज्योतीराम, चौथी पास, मोठ्या ऐटीत अंगठी घेऊन लिहायला बसले. लिहिलं. बायका हसल्या, उखाणे झाले, वाजंत्री सुरू झाली. जमलेल्यांपैकी ज्याला अक्षर कळत होतं त्यानं ते नाव वाचलं. माझंच नाव, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक. मला कुणी सांगितलंच नाही. नवरीला काय सांगायचं, तिचंच तर नाव आहे!

दुसऱ्या दिवशी सासूनं त्याच तांदळाचा भात लावला. माझं नाव अख्ख्या घरानं आमटीबरोबर खाल्लं.

आणि मग तीन दिवस घरात हाका सुरू. "सोजरा, पाणी आण. सोजरा, चूल बघ." मी खाली मान घालून माझं काम करतेय. मला वाटलं, सोजरा म्हणून घरात दुसरी कोणी बाई आहे. मनात म्हणायचे, काय आळशी बाई आहे ही, इतक्या हाका मारल्या तरी उठत नाही! चौथ्या दिवशी सासूनं माझ्या डोक्यामागं पितळी बडवली. मी दचकले, तेव्हा म्हणाली, "ऐकू येतंय की थोडं थोडं." मुलगी बहिरी दिली म्हणून माहेरी निरोप गेला. माझ्या कानात आठ दिवस कोमट तेल घालत होते. नवव्या दिवशी धाकट्या नणंदेनं माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, "वहिनी, सोजरा तू!"

सुमन हसतेय. हस बाई, पण लिही.

तुझ्या आजोबांनी ते नाव लिहिलं तेवढंच. पुढं जन्मभर 'अगं ए'वर काम भागवलं.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बीडकडून इकडं आलो. त्यांना पिंपरीत कंपनीत काम लागलं. रेशन कार्डावर सोजरा, मतदान कार्डावर सोजरा, आधारवर सोजरा. कोंडा नावाची कोणी जन्माला आली होती, याचा या देशात एकही कागद नाही. माझा भाऊ ज्ञानदेव तेवढा गावाकडून फोन करायचा आणि म्हणायचा, "कोंडे, जिवंत आहेस का?" पाच वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून कोंडाला कुणी हाक मारलेली नाही.

आणि नावाचंच कशाला, गावाचंही तसंच. चाकणला आलो तेव्हा इथले लोक आम्हाला 'दुष्काळी' म्हणायचे. गावी गेलो की तिथले 'चाकणवाले आले' म्हणायचे. दोन्हीकडं आम्ही पाहुणेच. परवा आपल्या वरच्या खोलीत ओडिशाची पोरं भाड्यानं आली. त्यातला एक म्हणाला, "मौसी, आप यहीं की हो ना?" मी म्हटलं, "हां, यहीं की." लगेच म्हटलं, श्वासही न घेता. आणि संध्याकाळी सुमनला म्हणाले, बाहेरचे लोक फार वाढलेत गं इथं. ती माझ्याकडं बघतच राहिली.

हे सगळं मी का सांगतेय, ते मला माहीत आहे. तुला सांगायचं धाडस आज होत नाही.

आजी


चाकण, १२ नोव्हेंबर

वर्षाली,

काल प्रभावती आली होती. एकटी, वाकडहून दोन बस बदलून. माझ्यापुढं बसली, चहाला हात लावला नाही. म्हणाली, "आजी, मी तो फॉर्म बघितलासुद्धा नाही. पण ते नाव मला आवडतं, असं मी यांच्यापुढं दहा वेळा बोलले होते. तेच यांच्या डोक्यात बसलं असणार. म्हणजे दोष माझाच. मी वर्षालीची माफी मागते, तुम्ही तिला एवढं सांगाल का?"

मी म्हटलं, मारुतरावांना विचार. तर म्हणाली, "त्यांना काही आठवत नाही म्हणतात."

मारुतरावांना पंधरा वर्षांपूर्वीचा क्रिकेटचा सामना चेंडूवार आठवतो. त्यांना सगळं आठवतं. माझी लाज राखण्यासाठी विसरलेत ते.

सुमन, आता मी सांगते ते जसंच्या तसं लिही. पेन थांबवू नको.

फॉर्म भरला त्या दिवशी, वाकडच्या घरी, प्रभावती स्वयंपाकघरात होती. मारुतरावांनी फॉर्म भरत आणला आणि नवरीच्या नावापाशी येऊन थांबले. म्हणाले, "आजी, इथं वर्षालीच लिहितो ना?" मी म्हटलं, "स्वरूपा लिहा. पोरी आधी नको म्हणतात, मागून रुळतात." ते म्हणाले, "तिला एकदा विचारू?" मी म्हटलं, "मी आजी आहे ना तिची. तिचं काही म्हणणं नाही." एवढ्यात तू हेल्मेट हातात घेऊन बाहेर आलीस, माझ्याकडं बघून हसलीस आणि सही केलीस. मग मी अंगठा लावला. मुंग्यांच्या रांगेत काय आहे, ते मला पक्कं माहीत होतं.

सुमननं पेन खाली ठेवलंय. माझ्याकडं बघत नाही. "असं कसं केलंत हो?" एवढंच म्हणाली. तू विचारशील तेच.

मी स्वतःला सांगत आले की तुझ्या भल्यासाठी केलं. सासरचं नाव घेतलं की पोरगी घरात लवकर मुरते, वगैरे. खोटं आहे ते. हॉलमध्ये सुजितनं तांदळात 'वर्षाली' लिहिलं, तू वाकून ते वाचलंस आणि मान वर करून हसलीस. स्वतःचं नाव स्वतः वाचलंस. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, हिला का म्हणून मिळावं? माझं नाव भातात शिजलं, माझ्या कानात तेल ओतलं, आणि हिच्यासाठी टाळ्या? तो हेवा होता, पोरी. स्वतःच्या नातीचा. अशी म्हातारी तुझ्या वाट्याला आली, त्याला तुझा काही इलाज नाही.

प्रभावतीचा यात तांदळाएवढाही दोष नाही. तिला आज सकाळीच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "जेवलात का?" असली सासू तुला मिळाली आहे आणि तू मैत्रिणीच्या खोलीवर मॅगी खातेस.

माझ्यावर राग ठेव. पाहिजे तेवढा ठेव, जर्मनीला घेऊन जा. पण घरी जा. दाखला दुरुस्त करायला साक्षीदाराला स्वतः ऑफिसात हजर राहून जबाब द्यावा लागतो, असं मारुतराव म्हणाले. मी येते. मंगळवारी अकरा वाजता. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण सहीला ये.

फॉर्म भरल्यापासून सहा महिने ही गोष्ट जेवताना घशात आडवी यायची. आज सुमननं लिहून घेतली आणि मी दोन भाकरी खाल्ल्या. निर्लज्ज आहे मी.

आजी


चाकण, २० नोव्हेंबर

माझ्या वर्षाली,

परवा ऑफिसात जे झालं ते तू डोळ्यानं बघितलंस. तरी लिहिते, कारण माझ्या बाजूनं ते कसं होतं हे तुला माहीत नाही. आणि सुमनला वाटतंय, आता पत्रं बंद होणार. तिला करमायचं नाही.

तू आलीस. सुजितशेजारी उभी राहिलीस. माझ्याकडं बघितलं नाहीस. मी म्हटलं, ठीक आहे, मीच सांगितलं होतं तसं. लुगड्याचा पदर मी इतक्यांदा नीट केला की सुमननं हात धरला.

टेबलामागच्या मॅडम तरुण होत्या, आवाज गोड होता. म्हणाल्या, "आजी, फॉर्मात हे नाव लिहायला कुणी सांगितलं?"

"मीच."

"कशामुळं?"

"हेव्यापोटी."

मॅडमनी पेन उचललं, कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आजी, तसा रकाना नाही याच्यात."

"मग 'चुकून' असं लिहा," मी म्हटलं. मारुतराव तेव्हा जे खोकायला लागले ते बाहेर जाऊनच थांबले.

मग त्यांनी जबाब टाइप करून आणला आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. साठ वर्षं माझा अंगठा आपोआप पुढं जायचा. रेशनला, बँकेत, तुझ्या बापाच्या शाळेत, तुझ्या लग्नाला. परवा मी हात मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "आधी वाचून दाखवा. सगळं." मॅडमनी वाचलं. मी म्हटलं, नवरीच्या नावाची ओळ पुन्हा एकदा. त्यांनी पुन्हा वाचली. वर्षाली. मग लावला अंगठा. आणि तुझी पाळी आली तेव्हा तू तो कागद वरपासून खालपर्यंत बोट फिरवत मोठ्यानं वाचलास, पहिलीतल्या पोरीसारखा. मागं रांगेतला एकजण वैतागून म्हणाला, "ओ ताई, पेपर वाचताय का?" तू म्हणालीस, "हो. आमच्या घरात कुणी वाचत नाही, म्हणून अडचण झालीय." टोमणा मला होता. पण तीन आठवड्यांनी तुझा टोमणा ऐकला, मला पेढा खाल्ल्यासारखं झालं.

नंतर चहाच्या टपरीवर प्रभावती जे बोलली, ते माझ्या डोक्यातून जात नाही. कपात बघत सहज म्हणाली, "मी माहेरची भाग्यश्री." सुजितच्या हातातला कप तसाच राहिला. "आई, तुझं नाव?" "मग काय तुझ्या बाबांचं?" "मला कधी सांगितलं नाहीस!" "तू कधी विचारलंस?" एकोणतीस वर्षांच्या मुलाला आईचं नाव टपरीवर कळलं. आणि मारुतराव, ज्यांनी ते तांदळात पुसून दुसरं लिहिलं होतं, ते बशीतला चहा फुंकत बसले. चहा कधीच गार झाला होता.

सुमन म्हणाली, "मी सुमनच. आमच्या ह्यांना तांदळात लिहिताना घाम फुटला, म्हणून आहे तेच ठेवलं." हे ती आता लिहायला तयार नव्हती. मी लिहायला लावलं.

मग निघालो. तू पार्किंगकडं गेलीस, मी सुमनचा हात धरून रिक्षाकडं. मनाशी म्हटलं, सही झाली, दाखला मिळेल, सुजित बरोबर जाईल. यापेक्षा जास्त मागायचं नाही. रस्त्यावर हॉर्न, कंपन्यांच्या बस, कुणीतरी कुणाला हाका मारतंय. आणि त्या गलक्यात मागून आवाज आला.

"कोंडाबाई!"

माझी मान आधी वळली, मी मागून वळले. तीन दिवस लागले नाहीत. एक श्वाससुद्धा लागला नाही. बीड जिल्ह्यातल्या एका अंगणात कुणीतरी मला बोलावतंय असं वाटलं आणि समोर बघते तर तू, हेल्मेट काखेत, नाक लाल झालेलं. जवळ आलीस आणि म्हणालीस, "कान तर ठणठणीत आहेत की तुझे. उगाच तेल वाया घालवलं."

मी तुझं लाल नाक पदरानं पुसलं आणि तू पुसू दिलंस. हे मी लिहून ठेवते, कारण पुन्हा असं कधी होईलसं वाटत नाही.

काल नवा दाखला आला, असं सुजित फोनवर सांगत होता. मागं प्रभावतीचा आणि तुझा आवाज येत होता, कुठल्या डब्यात कुठलं लोणचं भरायचं यावरून भांडण चाललं होतं. ऐकून मी पायावर पाय टाकून निवांत झोपले.

तिथं गेलीस की लोक विचारतील, तू कुठली. चाकण त्यांना सांगून उपयोग नाही, बीड तर नाहीच. इंडिया म्हणशील, आणि तेवढ्यावर भागेल. इथं आम्हाला दुष्काळी म्हटलं, तिथं तुला अजून काही म्हणतील. म्हणू देत. लोक ठेवतात ती नावंही हळूहळू आपली होतात. सोजरा माझी झालीच ना? तिनं संसार केला, तुझा बाप वाढवला, भाड्याच्या खोल्यांवर दुसरा मजला चढवला. तिला मी आता पुसायची नाही. सरकारी कागदांवर तीच राहू दे, तिचा तो हक्क आहे. फक्त कोंडालाही कुठंतरी एक कागद असावा, एवढंच. सुमनला म्हटलं, या पत्राच्या खाली तेच नाव घाल. हा कागद पासपोर्टाबरोबर ने. कुणी मागणार नाही, तरी ने.

लोणचं गळतं. डबा पिशवीत घाल, पिशवी आणखी एका पिशवीत.

वरचं सगळं सुमनकडून दोनदा वाचून घेतलं. मगच अंगठा लावला.

तुझी आजी,
कोंडा